माझ्या पुस्तकातले मूर्ख

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात माल साचला की लगेच दिसतो. जागा अडते, मालक ओरडतो आणि कोणी ना कोणी येऊन तो सोडवून नेतो. किस्से साचतात तेव्हा मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ते सोडवायलाही कोणी येत नाही. मी वाडीला, शहराबाहेर अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात सतरा वर्षं बुकिंग क्लार्क होतो. माल आला की त्याची पावती, म्हणजे बिल्टी फाडायची, हे माझं काम. पण रोज कोणी तरी काही तरी वेडेपणा करायचं, आणि मी तो रद्द झालेल्या बिल्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टिपून ठेवायचो. पाहता पाहता टेबलाचा खण भरला!

मित्र म्हणाले, "अबे, याचं पुस्तक काढ! लोक लोळून लोळून हसतील."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माणसांच्या खऱ्याखुऱ्या मूर्खपणावरची विनोदी पुस्तकं तेव्हा बरी खपायची. मी लायब्ररीतून आणून अधाशासारखी वाचली होती. त्यातल्या बहुतेकांच्या सुरुवातीला लिहिलेलं असायचं की कोणाचं मन दुखावण्याचा हेतू नाही. ते वाक्यही मी उचललं. पुस्तकाचं नाव ठेवलं 'शहाण्यांचं गोदाम'. प्रती तीनशे.

लोक हसले. खूप हसले. आता त्याचंच वाईट वाटतं. ते का, ते सांगतोच. पण आधी तुम्हीही हसून घ्या. मीही आधी हसलोच होतो.

* * *

आमच्या डिलिव्हरी काउंटरवर ढोकबाबू बसायचे. पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर काळी टोपी, नियमाला एकदम पक्के. घरात आग लागली तरी पाण्याची पावती मागतील, असा माणूस.

एकदा पुस्तकांचं एक खोकं आलं. ते नंदनवन वस्तीतल्या एका वाचनालयासाठी होतं. वाचनालय कुणा कैलासवासी गणपतरावांच्या स्मरणार्थ काढलेलं. वाटेत कशाने तरी पत्त्याचा मधला भाग पुसला गेला आणि 'कै. गणपतराव, नंदनवन' एवढंच उरलं. माल पोचवायला गेलेला माणूस वस्तीत चौकशी करून खोकं घेऊन परत आला. त्याने शेरा मारला होता, "पार्टी मयत. पत्ता बरोबर."

आम्ही पोट धरून हसलो. कैलासवासी माणूस नंदनवनात नाही तर कुठे राहणार!

ढोकबाबू हसले नाहीत. आठ दिवस माल पडून राहिला की मालकाच्या नावाने नोटीस काढायची, हा नियम. त्यांनी काढली. 'आपण स्वतः हजर राहून माल सोडवावा. न आल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.'

पोस्टमन शहाणा होता, त्याने ती नेऊन वाचनालयात टाकली. तिसऱ्या दिवशी वाचनालयाचे सेक्रेटरी रिक्षातून उतरले. काखेत हार घातलेला एक भला मोठा फोटो. तो त्यांनी धाडकन काउंटरवर उभा केला.

"स्वतः हजर राहा म्हणता नं? घ्या! आणलं गणपतरावांना!"

ढोकबाबू उठून उभे राहिले. टोपी नीट केली. फोटोला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मग रजिस्टर फिरवून पुढे सरकवलं आणि शांतपणे विचारलं,

"सही कोन करून राहिलं?"

* * *

बकरीचा किस्साही त्यांचाच.

काटोलकडच्या एका माणसाने वाडीत राहणाऱ्या म्हाताऱ्या आत्याला ट्रकने बकरी पाठवली. आमचा ड्रायव्हर भीमसिंग फार काळजी करणारा माणूस. बिल्टी हरवू नये म्हणून त्याने ती बकरीच्याच गळ्यात बांधली. बकरीने वाटेत मान वळवली आणि बिल्टी खाऊन टाकली.

म्हातारी काउंटरवर आली. ढोकबाबूंनी हात पुढे केला. "बिल्टी?"

"तिनंच खाल्ली नं गा बाबू!"

"बिल्टीशिवाय माल भेटत नाही."

"पर बिल्टी मालाच्या पोटात हाय!"

"तं काढा आनि जमा करा," ढोकबाबू म्हणाले.

वरच्या ऑफिसातून परवानगी यायला दोन दिवस लागले. तोवर बकरी गोदामात बांधलेली. दुसऱ्या दिवशी तिने डिलिव्हरी रजिस्टरची चार पानंही खाल्ली. शेवटी ढोकबाबूंनी शेरा लिहिला, "माल बिल्टीसह सुपूर्द. बिल्टी आत."

पुस्तकात हा किस्सा मी इथेच थांबवला. वाचणारे खुर्चीवरून पडायचे. पण त्या दोन दिवसांत ढोकबाबू स्वतः नाल्याच्या काठी जाऊन बकरीसाठी पाला तोडून आणत होते. धोतराला काटे लागलेले, आणि हातात भारा. परवानगी आली त्या दिवशी म्हातारीला उन्हात चालवणार नाही म्हणून दोरी धरून बकरी तेच तिच्या घरी घेऊन गेले. हे सगळं मी बिल्टीमागे टिपलं होतं. पुस्तकात घेताना कापलं. का कापलं? तर त्याने किस्सा ढिला पडत होता!

* * *

आमच्या सेठजींचं मात्र मी काहीच कापलं नाही. तिथे कापण्यासारखं काही नव्हतंच.

आगीसाठी म्हणून गोदामात लाल बादल्या टांगलेल्या होत्या. हमाल त्या आंघोळीला नेतात म्हणून सेठजींनी सगळ्या बादल्यांतून एक साखळी ओवली आणि कुलूप लावलं. किल्ली धरमपेठेत, त्यांच्या घरी!

एका दुपारी कापसाच्या गाठीतून धूर निघाला. मी धावत जाऊन फोन लावला. "सेठजी, आग लागली! किल्ली पाठवा!"

सेठजींनी विचार केला. "पहले यह बताओ, आग कितनी बडी है? छोटी होगी तो चाबी नहीं भेजूंगा."

आमची टायपिस्ट शकुंतलाबाई शेजारी उभी होती. तिने फोन संपायची वाट पाहिली नाही. स्टोव्हवरचं सगळ्या स्टाफच्या चहाचं पातेलं पदराने धरलं आणि त्या गाठीवर ओतलं. आग विझली.

दुसऱ्या दिवशी सेठजी आले, सगळं पाहिलं, शकुंतलाबाईला शाबासकी दिली आणि पेंटरला बोलावलं. त्या दिवसापासून आमच्या चहाच्या पातेल्यावर लाल अक्षरांत 'फायर' लिहिलेलं होतं.

* * *

पुस्तक निघाल्यावरचा एक किस्सा पुस्तकात नाही, तो सांगतो.

सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने नाव वाचून 'शहाण्यांचं गोदाम' व्यापारविषयक पुस्तकांत लावलं. इतवारीच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने ते गोदाम कसं चालवावं हे शिकण्यासाठी विकत घेतलं. पंधरा दिवसांनी पुस्तकावरचा पत्ता शोधत तो वाडीला हजर!

"लेखक कोन हाय?"

मी छाती पुढे काढून उभा राहिलो.

"दोनदा वाचलं. माल कसा ठेवावा, उंदीर कसे मारावे, काही दिलं नाही तुमी."

"अहो, ते विनोदी पुस्तक आहे. लोकांच्या मूर्खपणावरचं."

तो थक्क होऊन माझ्याकडे पाहत राहिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मले वाटलं तुमी तक्रार लिहिली. बरं, हे लोक अजूनही इथंच हायेत काय?"

मी म्हटलं, "हो, हे काय, आजूबाजूलाच बसले आहेत."

त्याने सगळ्यांकडे एक नजर फिरवली. काउंटरवर ढोकबाबू होते, टाइपरायटरवर शकुंतलाबाई. सगळ्यांनी ऐकलं होतं. मग हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे तं काम करून राहिले. तुमी काय करून राहिले?"

मी हा किस्सा मित्रांना हसत हसत सांगायचो. तेव्हा ऑफिसात मात्र मी एकटाच हसलो होतो.

* * *

आता ढोकबाबूंचं पुढचं सांगतो.

पुस्तकात मी त्यांचं नाव बदललं होतं. ढोकबाबूंचं ठोकबाबू केलं! एवढं केलं की कोणी ओळखणार नाही, असं मला खरोखर वाटलं होतं. काळी टोपी तशीच, काउंटर तसंच, वाडी तशीच.

त्याच वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. बघायला आलेल्यांतल्या एका मामांनी पोह्याची बशी हातात घेत विचारलं, "ते बकरीवाले ठोकबाबू म्हनजे तुमीच काय?" घरभर हशा पिकला. लग्न मोडलं वगैरे काही नाही, उलट थाटात झालं. पण मांडवात वराकडच्या पोरांनी ढोकबाबूंना पाहिलं की बकरीसारखा आवाज काढायला सुरुवात केली. मी पंगतीत बसलो होतो, मीही ऐकला. ढोकबाबू वाढत होते. माझ्या पानात त्यांनी जिलबी वाढली, पण वर पाहिलं नाही.

दुसऱ्या सोमवारी मी म्हटलं, "ढोकबाबू, मी नाव तर बदललं होतं."

"हो नं," ते म्हणाले. "बरं केलं. नाही तं लोकायले समजलं असतं."

बारा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला होता. त्या दिवसापासून ते डबा घेऊन मागच्या ओट्यावर जाऊ लागले. तिथे ऊन यायचं. तरी जायचे.

हळूहळू सगळ्यांचंच तसं झालं. मी आत आलो की बोलणं बंद. कोणाच्या हातून काही चुकलं की आधी माझ्याकडे बघायचे. शकुंतलाबाईला एकदा हसू आवरत नव्हतं. मी विचारलं, "काय झालं वं?" तर तोंड पुसून म्हणाली, "काही नाही." काय झालं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. एवढ्या माणसांत मी एकटा पडलो, आणि खणात नवी बिल्टी पडेनाशी झाली.

ढोकबाबू निवृत्त झाले तेव्हा सेठजींनी हार घातला आणि भाषण करायला सांगितलं. ते उभे राहिले, टोपी नीट केली, समोर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"बोललो असतो," ते म्हणाले, "पन छापून येते."

सगळे हसले. ते खाली बसले. नंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा सुनेने सांगितलं, झोपले आहेत.

* * *

एका माणसाचं नाव मात्र मी पुस्तकात बदललं नव्हतं. गुलाब मेश्राम, आमचा हमालांचा मुकादम. का बदललं नाही? कारण गुलाबला वाचता येत नव्हतं. त्याला कुठे कळणार आहे, असा मी विचार केला होता. आता हे सांगतानाही खाली बघावंसं वाटतं.

पुस्तकातला त्याचा किस्सा असा. पंपाची एक जड पेटी आली. पेटीवर इंग्रजीत 'ही बाजू वर' असं लिहिलेलं आणि बाण काढलेला. गुलाबने काय करावं? चार हमाल लावले, फळ्या लावल्या, दोर बांधले आणि 'वर' लिहिलंय म्हणून ती पेटी गोदामातल्या सगळ्यात उंच थप्पीच्या सगळ्यात वर नेऊन ठेवली! खाली होत्या कंदिलाच्या काचा. संध्याकाळपर्यंत त्या थप्पीतून किणकिण आवाज येत होता. सेठजींनी गुलाबला आठ दिवस घरी बसवलं. शेवटचं वाक्य मी असं लिहिलं होतं, 'बाणाच्या टोकाला डोकं असतं, मुकादमाला असतंच असं नाही.' या वाक्यावर मी फार खूश होतो.

पुस्तक निघाल्याचं गुलाबला कोणी तरी सांगितलं. तो माझ्या टेबलाशी आला. "बाबू, माहं नाव हाय म्हनते पुस्तकात?"

"हो, आहे."

"छापलेलं?"

"हो."

त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "बाप असता तं त्याले दाखवलं असतं." त्याच्या बापाने छप्पन सालच्या दीक्षेच्या वेळी घरातले देव उतरवले होते आणि म्हटलं होतं, आता या घरात पुस्तक येईल. गुलाबच्या वाट्याला हमाली आली. पुस्तक आलं ते त्याची मुलगी सुजाता शाळेत जाऊ लागली तेव्हा. त्या वर्षी ती दहावीला होती.

गुलाबने एक प्रत मागितली. मी म्हटलं, प्रती संपल्या. तर रविवारी सीताबर्डीवर जाऊन त्याने विकत आणली. सोमवारी माझ्यापुढे ठेवली. "सही करून द्या." मी केली. काय लिहावं सुचेना, म्हणून 'सप्रेम भेट' लिहिलं. त्याने स्वतः विकत घेतलेल्या पुस्तकावर!

"आज संध्याकाळी पोट्टी वाचून दाखवनार हाय," तो म्हणाला. "आमच्या अख्ख्या गल्लीले सांगतलं."

ती संध्याकाळ माझी कशी गेली, ते विचारू नका. बायकोने दोनदा ताट वाढलं. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, अंगणात सतरंजी टाकलेली, शेजारीपाजारी बसलेले, मधे गुलाब, आणि त्याची मुलगी ते शेवटचं वाक्य मोठ्याने वाचते आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकणार होतो. नाही टाकली. गेलो, तर फाटकातच गुलाब उभा. मी सायकलवरून उतरलो. त्याने पुढे येऊन मला घट्ट मिठी मारली.

"काय लिहिलं गा बाबू! लोकं रडले!"

मला काही समजेना. "काय वाचलं सुजाताने?"

"तेच नं, पेटीचं! मुकादमानं पेटी पाहिली, त्याले इंग्रजी येत नव्हतं, म्हनून तो बाबूकडे गेला. म्हने, बाबू, याच्यावर काय लिहिलं? बाबू पेपर वाचून राहिला होता. त्यानं मान वर नाही केली. म्हने, वर लिहिलं. मुकादमानं पुन्हा इचारलं, वर? बाबू म्हने, हो हो, वर, जा. मंग मुकादमानं वर ठेवली. आन सेठनं त्याले घरी बसवलं तवा बाबू काहीच बोलला नाही. आठ दिवस मुकादमाच्या घरी चूल कशी पेटली, तेही बराबर लिहिलं तुमी. तुमाले कसं माहीत?"

मी लिहिलं नव्हतं. पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं.

पण घडलं होतं तसंच. तो विचारायला आला होता, दोनदा. मी पेपरातून मान वर केली नव्हती. आणि सेठजींपुढे मी गप्प बसलो होतो.

"सोताची चूक कोनी छापते काय?" गुलाब म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तुमी छापली. मी पोट्टीले म्हटलं, पाह्य, शिकलेला मानूस असा असते."

मी सायकलचं हँडल धरून उभा होतो. सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते एवढंच, "ट्रक लागला आहे, चल."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर सुजाता बापाचा डबा घेऊन गोदामात आली. दोन वेण्या, निळा स्कर्ट, काखेत दप्तर. गुलाब थप्पीवर चढला होता. ती डबा माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली. मी समोरची बिल्टी उगाच दोनदा वाचली. शेवटी मान वर केली.

ती माझ्याकडेच बघत होती. रागाने नाही, कशानेच नाही.

"काका," ती म्हणाली, "दुसरी आवृत्ती काढसान, तं छापाच्या पहिले मले वाचाले द्या."